तीनशे ग्रॅमचा आधार : हैदराबाद आणि लोंबत्या पावलाची कथा



हैदराबादच्या वैद्यकीय इतिहासाचा विषय निघाला की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ साली येथे भरलेली क्लोरोफॉर्म कमिशने ही एक. आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत सापडलेले हिवतापाचे जंतू ही दुसरी. दोन्ही घटना मोठ्या आहेत आणि दोन्हींवर पुष्कळ लिहून झाले आहे. मी आज निवडलेला विषय त्यांच्या मानाने फार लहान आहे. माणूस चालताना त्याच्या पावलाचा पुढचा भाग जमिनीवरून उचलला जातो की नाही, एवढाच तो विषय. फिजिओथेरपीच्या व्यवसायात माझी जी वर्षे गेली, त्यांतली बरीचशी या एकाच प्रश्नाशी झगडण्यात गेली. इतिहाससंशोधकाचा अधिकार माझ्यापाशी नाही. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी तरफेचे तीन प्रकार याच इमारतीत आमच्याकडून घोटवून घेतले होते, आणि आजच्या विषयात तरफेला महत्त्वाचे स्थान आहे, एवढा आधार मला पुरेसा वाटतो.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित खाली, हाडाचा एक लहान उंचवटा बोटांना लागतो. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू नडगीच्या पुढच्या अंगाला उतरतो. तेथे त्याच्यावर मांसाचे पांघरूण जवळजवळ नसते. वर कातडी आणि खाली हाड. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना आज्ञा पोचते ती याच तंतूवाटे. ती पोचेनाशी झाली की पाऊल लोंबू लागते. डॉक्टर त्याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. मी ‘लोंबते पाऊल’ म्हणेन. असा माणूस गुडघा नको इतका उंच उचलून चालतो, किंवा त्याचा चवडा जमिनीवर घासत जातो. आपल्याकडच्या रुग्णाची पहिली तक्रार बहुधा ‘चप्पल पायात राहत नाही’ अशी असते, आणि ती इतकी साधी वाटते की घरचे लोक चप्पलच बदलून आणतात. दिवसभर उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या शेतमजुरांतही हा तंतू दाबला जाऊन पाऊल काही काळ लुळे पडते. तंतू तुटलेला नसल्याने ते बहुधा सुधारते.

येथे एक भेद लक्षात घेतल्यावाचून पुढचा इतिहास उलगडणार नाही. लोंबते पाऊल दोन जातींचे असते. घरात दिवा लागत नसेल तर बिघाड वीजकेंद्रात असू शकतो, किंवा खांबावरून घरात येणारी तार तुटलेली असू शकते. अर्धांगवायूत बिघाड मेंदूत असतो. मज्जारज्जूपासून पायापर्यंतची तार शाबूत असते, मात्र तिच्यातून आज्ञा येत नाही. कुष्ठरोगात, अपघातात किंवा गुडघ्याजवळच्या जखमेत तारच जाते. पोलिओत मज्जारज्जूतल्या ज्या पेशींपासून ही तार निघते त्या पेशीच मरतात, आणि पेशी मेली की तिची तारही सुकते. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही पावले सारखीच लोंबताना दिसतात. उपायांच्या दृष्टीने मात्र पहिले पाऊल आणि उरलेली दोन यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता विजेकडे वळू. बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने बेडकाच्या तंगड्यांवर केलेले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध झाले, आणि प्राण्याच्या हालचालीशी विजेचा काही संबंध आहे हे जगाला कळले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये दुशेन या वैद्याने कातडीवर विद्युत्-टोके ठेवून एकेक स्नायू वेगळा आकुंचित करून दाखवला. तरीही शंभर वर्षे ही वीज उपचाराच्या टेबलावरच राहिली. रुग्ण झोपलेला, यंत्र शेजारी, पाय हलतो. वीज बंद की पाय थांबला. यंत्र माणसाबरोबर चालू लागले ते ट्रान्झिस्टरने त्याचा आकार लहान केल्यानंतर. १९६१ साली अमेरिकेत व्लादिमिर लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी केलेल्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची कल्पना सरळ होती. बुटाच्या टाचेत एक कळ. टाच जमिनीवर असेपर्यंत वीज बंद. पाऊल पुढे टाकण्यासाठी टाच उचलली की कळ सुटते आणि गुडघ्याखालच्या त्या उंचवट्यापाशी कातडीवर बसवलेल्या टोकांतून मज्जातंतूला विजेची स्पंदने मिळतात. पाऊल वर उचलले जाते. टाच पुन्हा टेकली की वीज बंद. मेंदूने जी आज्ञा चालण्याच्या लयीत द्यायची, ती येथे टाचेतली कळ देते. काही रुग्णांना यंत्र काढल्यावरही थोडा वेळ स्वतःच्या इच्छेने पाऊल उचलता येत असल्याचे लिबरसननी नोंदवले आहे. त्या निरीक्षणाचा पूर्ण उलगडा आजही झालेला नाही.

पुढची हकिगत मी भरभर सांगतो, कारण ती बहुतेक सुधारणांची यादी आहे. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील ल्युब्ल्याना शहरात व्होडोव्हनिक आणि ग्राचानिन यांच्या गटांनी हे उपकरण रुग्णालयाबाहेर वापरण्याजोगे केले. इंग्लंडात सॉल्झबरीजवळच्या ओडस्टॉक येथे तयार झालेल्या उपकरणाची चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. अर्धांगवायूच्या ३२ रुग्णांपैकी ज्यांनी ते वापरले त्यांचा चालण्याचा वेग सरासरीने २०.५ टक्क्यांनी वाढला, तर नुसत्या व्यायामावर राहिलेल्यांचा ५.२ टक्क्यांनी. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या बाजारात ‘वॉकएड’ आणि ‘बायोनेस’ची उपकरणे आली. गुडघ्याखाली एक पट्टा बांधायचा. पहिल्यात टाचेतली कळही गेली आणि पायाच्या झुकावावरून वीज सुरू होऊ लागली. २००९ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने या उपचाराला मान्यता देणारे मार्गदर्शन काढले. त्याच्या शीर्षकातच एक अट आहे : मध्यवर्ती मज्जासंस्थेतून उद्भवलेले लोंबते पाऊल. म्हणजे वीजकेंद्रातला बिघाड, तारेतला नव्हे.

हे सारे जगात चालू असताना ही उपकरणे आपल्याकडे का आली नाहीत, असा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, आणि प्रश्नातच त्यांचे उत्तरही असते : आपण गरीब. गरिबी होतीच, तिला नाकारण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने ते उत्तर मला अपुरे वाटते. लिबरसनचे उपकरण १९६१ साली कोणी फुकट आणून दिले असते, तरी त्या काळी आमच्या दारी येणाऱ्या बहुसंख्य लोंबत्या पावलांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. कारण ती पावले कुष्ठरोगाची आणि पोलिओची होती. मज्जातंतू एका मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या स्पंदनालाही उत्तर देतो. तंतू मेलेला असेल तर स्नायूला थेट चेतवावे लागते, आणि त्यासाठी स्पंदन शेकडो पट लांब ठेवावे लागते. रोज हजारो पावले चालताना अशी वीज सोडली तर वेदना होतील आणि कातडी भाजेल. पाश्चात्त्यांच्या पावलापेक्षा आपले पाऊल वेगळ्या कारणाने लोंबत होते, म्हणून आपल्या उपायांचा इतिहासही वेगळ्या वाटेने गेला. हैदराबाद त्या वाटेवरचे एक महत्त्वाचे ठाणे आहे. अर्थात अर्धांगवायूचे, मणक्याच्या क्षयाचे, नळगोंड्याच्या फ्लोराइडयुक्त पाण्याने मज्जारज्जू दाबला गेलेले रुग्णही येथे होते; पण साधने बनवणाऱ्या कार्यशाळांपर्यंत पोचत ती मुख्यतः मुले आणि कुष्ठरुग्ण.

कुष्ठरोगाची गोष्ट आपल्या जुन्या संस्थानात निजामाबादजवळच्या डिचपल्लीपासून सुरू करावी लागते. इझाबेल कर या स्कॉटिश मिशनरी डॉक्टर आणि त्यांचे पती जॉर्ज यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे कुष्ठरुग्णालय उभारले. हैदराबाद शहरात कुकटपल्लीला राणी कुमुदिनीदेवींनी १९५८ साली शिवानंद पुनर्वसन गृह स्थापन केले. पुढे त्या हैदराबादच्या महापौरही झाल्या. शस्त्रक्रियेची दिशा मात्र दक्षिणेकडून आली. वेल्लोरला १९४६ साली आलेल्या पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णाची बोटे रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे होणाऱ्या जखमांनी ती नष्ट होतात. लोंबत्या पावलासाठी पोटरीतल्या एका खोल स्नायूची कंडरा सोडवून पावलाच्या वरच्या बाजूला जोडण्याची शस्त्रक्रिया कुष्ठरुग्णांवर मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. महाराष्ट्रात पुण्याजवळ कोंढव्याला डॉ. नो. हो. अँटिया यांनी कुष्ठरुग्णांसाठी पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांचे काम केले.

या शस्त्रक्रियेनंतरचे शिक्षण हे आमच्या व्यवसायातले एक अद्भुत प्रकरण आहे. जोडलेला स्नायू मुळात पाऊल आत वळवणारा. त्याचा मज्जातंतू वेगळा असल्याने तो बहुधा रोगातून वाचलेला असतो. प्लास्टर निघाल्यावर रुग्णाला ‘पाऊल वर उचल’ म्हटले तर काहीच होत नाही. त्याला सांगायचे, ‘पाऊल आत वळव.’ तो आत वळवू पाहतो, आणि पाऊल वर येते. पहिल्यांदा ते वर येताना पाहून रुग्ण दचकतो. काही आठवडे तो मनात ‘आत’ म्हणत वर उचलत राहतो, आणि मग एके दिवशी त्याला काहीच म्हणावे लागत नाही. विजेशिवाय, यंत्राशिवाय, शाबूत तारेचा एक स्नायू दुसऱ्याच्या जागी कामाला लावणारा हा उपाय मला टाचेतल्या कळीइतकाच बुद्धिमान वाटतो. त्याचे कौतुक कमी झाले, कारण तो कुष्ठरुग्णांसाठी होता.

पोलिओत ही सोय पुष्कळदा नसे. उसने घेण्याजोगा स्नायूच उरलेला नसे. तेथे कॅलिपर हाच आधार. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्यापाशी कुलूप, आणि खाली एक जड बूट. मुंबईत हाजीअलीला १९५५ साली पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली, कानपूरला १९७२ साली कृत्रिम अवयवांचा सरकारी कारखाना निघाला. पण कॅलिपरचे मूळ रूप फारसे बदलले नाही. आम्ही १९६७ साली सहावीत असताना आमच्या वर्गात एक मुलगा असे कॅलिपर लावून येई. जिन्यावर त्याच्या पायाचा आवाज आम्हांला वर्गात बसून ओळखू येत असे. गुरुजींनी काही न बोलता आमचा वर्ग वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणला, हे जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींना आठवत असेल. दर मंगळवारी त्याची आई त्याला एका दवाखान्यात ‘करंट’ द्यायला नेई. बुधवारी तो आम्हांला सांगे, ‘काल माझा पाय हलला.’ तो खोटे बोलत नव्हता. टेबलावर लांब स्पंदनांची वीज दिली की मेलेल्या तंतूखालचा स्नायूही मंदपणे हलतो. तेवढ्या हालचालीवर त्या बाईने चार वर्षे रिक्षाचे पैसे जमवले. पुढे मी त्याच प्रकारच्या यंत्रापाशी उभा राहून शिकलो, तेव्हा त्या हालचालीचा अर्थ मला समजला. अशा कित्येक आया माझ्यासमोर बसल्या आणि ‘हलला की हो’ म्हणाल्या. त्यांना काय उत्तर द्यावे हे कोणत्याही पुस्तकात नव्हते.

कॅलिपरच्या वजनाचा प्रश्न या शहरात सुटला तो अगदी अनपेक्षित जागी. कंचनबागेतील संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळेत १९८२ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली क्षेपणास्त्रांचे काम चालू होते. ‘अग्नी’चे पहिले उड्डाण २२ मे १९८९ रोजी झाले. वातावरणात परत शिरताना होणारी उष्णता सोसण्यासाठी त्यात कार्बनचा अतिशय हलका संमिश्र पदार्थ वापरला होता. पुढची हकिगत कलामांनी आपल्या भाषणांतून अनेकदा सांगितली. पंजागुट्ट्याच्या निजाम वैद्यकीय विज्ञान संस्थेतील एक अस्थिशल्यचिकित्सक प्रयोगशाळेत आले होते. त्यांनी तो पदार्थ हातात घेऊन पाहिला, त्याच्या हलकेपणाने चकित झाले, आणि कलामांना आपल्या रुग्णालयात घेऊन गेले. तेथे तीन किलोहून अधिक वजनाची धातूची कॅलिपरे ओढत चालणारी मुले त्यांनी दाखवली. कलामांच्या सांगण्याप्रमाणे तीन आठवड्यांत सुमारे ३०० ग्रॅमची नवी साधने तयार झाली. ती घालून चालणारी मुले आणि त्यांच्या आईवडिलांचे डोळे यांचे वर्णन करताना, आपल्या आयुष्यातल्या मोजक्या आनंदांपैकी तो एक होता असे ते म्हणत.

या संस्थेचा पूर्वेतिहासही येथे सांगितला पाहिजे. १९६० च्या दशकात निजामाच्या धर्मादाय निधीतून ती उभी राहिली तेव्हा तिचे नाव निजाम ऑर्थोपेडिक हॉस्पिटल असे होते. हाडे आणि पाय हाच तिचा मूळ संसार. म्हणून ती मुले नेमकी तेथे होती, आणि म्हणून हातात आलेल्या तुकड्याकडे पाहून एका शल्यचिकित्सकाला कॅलिपर आठवले. लोकांच्या तोंडी ही कथा ‘रॉकेटच्या धातूचे कॅलिपर’ म्हणून फिरते. तो पदार्थ धातू नव्हता, हे एक. आणि दुसरे म्हणजे तिच्यातला निर्णायक क्षण तुकडा उचलून पाहण्याचा आहे. शास्त्रज्ञांना आपल्या पदार्थाचे वजन ठाऊक होते, कॅलिपरचे नव्हते.

साधनाचे नाव ‘फ्लोअर रिअॅक्शन ऑर्थोसिस’. म्हणजे जमिनीच्या प्रतिक्रियेवर चालणारा आधार. तेथे गुरुजींची तरफ येते. लोखंडी कॅलिपर गुडघ्याला दोन्ही बाजूंनी जखडून ठेवी. नवे साधन गुडघ्याच्या खालीच संपते. पाऊल आणि घोटा एका साच्यात पक्के धरलेले, आणि नडगीच्या वरच्या भागावर पुढून एक कवच. पाऊल टेकले की जमीन ज्या जोराने त्याला वर ढकलते, तो जोर घोटा वाकू न शकल्यामुळे कवचातून नडगीला मागे रेटतो, आणि गुडघा सरळ राहतो. मांडीच्या दुबळ्या स्नायूचे काम जमीन करते. पाऊल लोंबत नाही, कारण घोटा धरलेला असतो. वजनाचा हिशेब तर पाचवीतल्या मुलालाही करता येईल : १८ किलोच्या मुलाच्या पायात ३ किलोचे लोखंड म्हणजे शरीराचा सहावा हिस्सा, आणि तोही पायाच्या टोकाकडे, जेथे लंबकाप्रमाणे तो सर्वांत जड लागतो.

एक गोष्ट मात्र या कथेच्या उत्साहात बहुधा सांगितली जात नाही. हा आधार प्रत्येक पोलिओग्रस्ताला चालत नाही. गुडघा आखडून वाकलेला असेल तर जमिनीचा जोर त्याला सरळ करण्याऐवजी आणखी वाकवतो. मांडी आणि कंबर दोन्ही पूर्ण लुळी असतील तर लांब कॅलिपरच लागते. गुडघा आखडू नये म्हणून आधी वर्षानुवर्षे व्यायाम हवेत, आखडलाच तर शस्त्रक्रिया हवी. आणि मूल वाढते. बूट जसा लहान होतो तसे साधन लहान होते; नवे माप, नवा साचा, पुन्हा फेरी. १९८१ पासून केंद्र सरकारची साधनवाटपाची योजना आहे, तिच्या शिबिरांतून मी काम केले आहे. वाटपाच्या दिवशी छायाचित्रे निघतात. दोन वर्षांनी पट्टा तुटलेला असतो आणि पट्टा शिवणारा माणूस तालुक्यात नसतो.

तोवर इतिहासाने कूस बदलली. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. भारतातला पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या देशासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. कुष्ठरोगावर १९८० च्या दशकात बहुऔषधी उपचार आल्यापासून वेळेवर औषध मिळालेल्यांचे तंतू वाचू लागले. पोलिओ संपला, पण पोलिओ झालेली माणसे आहेत. कलामांनी पाहिलेली मुले आज चाळिशीत आहेत, आणि त्यांना कॅलिपर लागते. दुसरीकडे, माझ्याकडे येणारे लोंबते पाऊल आता बहुतेक वेळा अर्धांगवायूचे असते. रक्तदाब, मधुमेह, आणि मग एका पहाटे उचलेनासा झालेला हातपाय. तार शाबूत, वीजकेंद्र बिघडलेले. म्हणजे लिबरसनच्या उपकरणासाठी योग्य असे पाऊल आमच्या शहरात आता पुष्कळ दिसू लागले आहे, त्यांच्या लेखानंतर साठ वर्षांनी.

त्यामुळे मुलगा अमेरिकेत असलेले आजोबा आज मला विचारतात, ‘तो पट्टा मागवू का?’ तेथे त्याची किंमत काही हजार डॉलर आहे. माझ्यासमोर २०१३ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी असते. तीत अर्धांगवायूच्या १९७ रुग्णांपैकी काहींना विजेचा पट्टा आणि काहींना घोट्याचा प्लास्टिकचा साधा आधार दिला होता. तीस आठवड्यांनी दोन्ही गटांचा वेग वाढला होता, आणि वाढीत लक्षणीय फरक नव्हता. पट्टा वापरणारे मात्र अधिक समाधानी होते. मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. आपले पाऊल आपल्याच स्नायूने उचलले जाण्यातले सुख प्लास्टिकला देता येत नाही. उलटपक्षी, साधा आधार बुटाशिवाय नीट बसत नाही, आणि आपले लोक घरात, देवळात अनवाणी असतात. पट्टा अनवाणी चालणाऱ्यालाही चालतो. पण त्याची चिकट टोके झिजतात, ती पुनःपुन्हा विकत घ्यावी लागतात, आणि आमच्या मे महिन्यात घामाने ती सुटतात.

म्हणून मी आजोबांना आधी टेबलावर झोपवतो. आमच्याकडे फॅरॅडिक प्रवाहाचे जुने यंत्र आहे, कोणत्याही फिजिओथेरपिस्टकडे असते तसे. गुडघ्याबाहेरच्या त्या उंचवट्यापाशी टोक ठेवून आखूड स्पंदने देतो. पाऊल वर आले तर तार जिवंत आहे, आणि मग पट्ट्याची, किमतीची, मुलाला करायच्या फोनची बोलणी होऊ शकतात. ते आले नाही, तर माझे लक्ष पाठीच्या मणक्याकडे, मधुमेहाकडे किंवा कातडीवरच्या एखाद्या बधिर चट्ट्याकडे वळते. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात.